मिक्सरला नायट्रोजन, फोनला फ्रीझर

गोव्यातल्या फोंडा तालुक्यातल्या एका वाचकाचं पत्र आहे. वय ३४, वेर्णा औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात मेन्टेनन्सला, घरी आई-बाबा आणि पत्नी. छंद ओव्हरक्लॉकिंगचा: कॉम्प्युटरचा प्रोसेसर कंपनीने ठरवून दिलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने पळवायचा आणि तो तापू नये म्हणून नाना उपाय करायचे. त्यातून घरात थट्टेची सवय लागली. आई म्हणाली, "मिक्सर तापता रे." हे म्हणाले, "गुरांच्या डॉक्टरकडून लिक्विड नायट्रोजन आणतो, वाटप तीन सेकंदांत." बाबा म्हणाले, पंखा मंद फिरतो. हे म्हणाले, "टर्बो कपॅसिटर घालूया, कौलं उडतील." मे महिन्यात म्हापशाहून आजोळी आलेला १३ वर्षांचा भाचा म्हणाला, गेम खेळताना फोन तापतो. मामांनी चेहरा गंभीर ठेवून सांगितलं, "मोठे खेळाडू उणे १९६ अंशांवर खेळतात. फ्रीझर म्हणजे बालवाडी." दुसऱ्या दिवशी दुपारी भाच्याने पॉवर बँक लावलेला फोन फ्रीझरमध्ये, सुंगटांच्या (कोळंबीच्या) पिशवीवर ठेवला. पाऊण तासाने काढून लगेच गेम सुरू केला. संध्याकाळपर्यंत स्क्रीन काळी. आता ताई बोलत नाही, बायको म्हणते ही थट्टा कायमची बंद करा. वाचक विचारतात, "विनोद कळला नाही ही माझी चूक कशी? १३ वर्षांच्या मुलाला एवढं कळायला नको? आणि मी थट्टाच सोडली तर घरात माझं म्हणून काय उरतं?" खाली सही: ओव्हरक्लॉकर मामा.

प्रिय ओव्हरक्लॉकर मामा,

आधी कामाचं. तो फोन "एकदा चार्जरला लावून बघूया" म्हणून कोणी लावत असेल तर आजच थांबवा. का ते पुढे सांगते.

आता कबुली. कौलं उडतील हे वाचून मी मोठ्याने हसले आणि संध्याकाळी घरी तोच विनोद माझा म्हणून खपवला. तेव्हा तुमच्या विनोदाला दर्जा नाही, असं माझं म्हणणं नाही. तुमच्या बायकोच्या बाजूने उभी राहूनही मला हे सांगायला हवं.

पण मी तुमच्या भाच्याच्या जागेवरही बसलेली आहे. १९९० च्या दशकात आमच्या घरी कॉम्प्युटर आला तेव्हा त्याच्या डब्यावर 'टर्बो' लिहिलेलं एक बटण होतं. माझा थोरला भाऊ घरचा जाणकार. त्याने सांगितलं, हे दाबलं की सगळं दुप्पट पळतं, प्रिंटरसुद्धा. मी पुढची दोन वर्षं प्रत्येक प्रिंट काढण्याआधी श्रद्धेने ते बटण दाबत होते. ते बटण खरं तर कॉम्प्युटर हळू करण्यासाठी दिलेलं असायचं, कारण जुने गेम प्रोसेसरच्या वेगावरच चालायचे आणि नव्या मशीनवर इतके पळायचे की खेळताच येत नसे. हे मला कितीतरी वर्षांनी कळलं. भाऊ म्हणाला, "अगं, मी गंमत करत होतो, मला वाटलं तुला माहीत आहे." मला कुठून माहीत असणार? मला जे काही माहीत होतं ते त्यानेच सांगितलेलं होतं.

तुमच्या पत्रातलं "एवढं कळायला नको?" हे वाक्य मला इथेच अडतं. तुम्ही भाच्याला जे सांगितलं त्यात खोटं किती होतं बघा. द्रव नायट्रोजन उणे १९६ अंशांना उकळतो, हे खरं. तो ओतून प्रोसेसर पळवणारे लोक जगात आहेत, हेही खरं. २०११ मध्ये एएमडी या कंपनीच्या एका प्रोसेसरने ८.४२९ गिगाहर्ट्झ (हे प्रोसेसरच्या वेगाचं माप) असा विक्रम केला तेव्हा त्यावर द्रव हेलियम ओतला होता, उणे २६९ अंशांचा. २०२२ मध्ये इंटेलच्या प्रोसेसरने ९ गिगाहर्ट्झ ओलांडले. आईला सांगितलेली गोष्टही तशीच. गुरांच्या कृत्रिम रेतनासाठीचं वीर्य द्रव नायट्रोजनमध्येच साठवतात, तो कंटेनर घेऊन डॉक्टर गोठ्यात येतात. ज्याच्या शेजारी म्हैस आहे त्याने तो धूर सोडणारा डबा डोळ्यांनी पाहिलेला असतो. म्हणजे तुमच्या थट्टेत नव्वद पैसे खरं आणि दहा पैसे थाप. ते दहा पैसे नेमके कुठे आहेत हे फक्त तुम्हालाच माहीत. कारखान्यातल्या मित्रांना ते दिसतात, म्हणून ते हसतात. मुलाला दिसले नाहीत, म्हणून त्याने फ्रीझर उघडला. तो मठ्ठ नाही. उलट, सांगितलेलं पडताळून पाहणारा आहे. तुमच्याच वळणावर गेलाय म्हणा.

आणि तुम्ही त्याला गोष्टीचा सर्वांत मजेदार भाग सांगितलाच नाही. विक्रम करणारे ते लोक नायट्रोजन ओतण्याआधी तासन्‌तास काय करत असतात? प्रोसेसर ज्यावर बसतो त्या मदरबोर्डला व्हॅसलीन फासत असतात. किंवा खोडरबराच्या मऊ लगद्याने, फोमने एकेक फट बुजवत असतात. एवढं करून विक्रमाचा आकडा पडद्यावर टिकतो तो काही क्षण. त्यावर गेम खेळायचा नसतो, फोटो काढायचा असतो. आणि व्हॅसलीन कशाला? तर हवेतल्या ओलाव्याला. थंडीने चिप मरत नाही, थंडीमुळे तिच्याभोवती जमणाऱ्या पाण्याने मरते.

आपण गोव्यात राहतो, मामा. हवा ३२ अंश आणि आर्द्रता ७५ टक्के असेल तर साधारण २७ अंशांच्या खालची कुठलीही वस्तू घामाघूम होते. २७! थंडी म्हणायचीसुद्धा लाज वाटावी असा आकडा. पावसाळ्यात कपाटातल्या चपलांना बुरशी येते, मीठ पाणी होतं, पापड दुपारी तळले तर संध्याकाळी वाकतात, आणि अशा हवेत उणे १८ अंशांच्या फ्रीझरमधून फोन बाहेर काढला की त्याच्या बाहेरच नव्हे, आतही दव पडतं. स्पीकरच्या जाळीतून, चार्जिंगच्या भोकातून दमट हवा आत शिरते आणि गार बोर्डवर पाणी होऊन बसते. त्यातच त्याने गेम लावला, म्हणजे ओल्या बोर्डातून करंट सोडला. फोन 'वॉटरप्रूफ' असता तरी मी भरवसा दिला नसता.

हे झालं पाण्याचं. दुसरी गोष्ट बॅटरीची, आणि ती जास्त गंभीर आहे. लिथियम-आयन बॅटरी शून्याच्या खाली चार्ज केली तर लिथियम आत मुरायच्या ऐवजी धातूच्या रूपात वर साचू लागतं. वरून काही दिसत नाही. पण अशी बॅटरी पुढे आतल्या आत शॉर्ट होऊ शकते. भाच्याने पॉवर बँक लावूनच फोन आत ठेवला होता, म्हणून सुरुवातीला चार्जरचं सांगितलं. फोन आणि ती पॉवर बँक, दोन्ही दुरुस्तीवाल्याकडे नेताना घडलेलं सगळं त्याला सांगा, लाजू नका. बॅटरी फुगलेली वाटली तर प्रश्नच नाही, ती ई-कचऱ्यात जाईल. फोन आतून स्वच्छ करून सुरू झालाच, तरी बॅटरी मात्र नवी घाला.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे उत्तर लिहायला घेतलं ती. तुमचं पत्र मी तिसऱ्यांदा वाचलं तेव्हा दिसली. तुमचा प्रत्येक विनोद म्हणजे कोणाच्या तरी तक्रारीला दिलेलं उत्तर आहे. मिक्सर तापतो. पंखा मंद फिरतो. फोन गरम होतो. तिघांनी तीन खऱ्या अडचणी सांगितल्या, घरातल्या एकमेव माणसाला ज्याला मोटर उघडता येते. आणि तिघांना हशा मिळाला. तुमच्या पत्रात मिक्सर तिसऱ्या ओळीत तापतो आणि मग पत्रातून नाहीसाच होतो. त्याचं पुढे काय झालं? आई अजून त्याच्यावरच खोबरं वाटते आहे ना?

कारखान्यात ऑपरेटर येऊन म्हणाला, "साहेब, मोटर तापते," तर तुम्ही त्याला नायट्रोजनचा किस्सा सांगाल का? सांगाल कदाचित, पण करंट मोजायचा क्लॅम्प मीटर हातात घेऊन मोटरकडे चालता चालता सांगाल. घरी तुम्ही नुसता किस्सा सांगून बसून राहिलात. मला वाटतं ताईचा राग फोनच्या पैशांवर नाही, निदान सगळा नाही. लहानपणापासून तिलाही अशी उत्तरं मिळाली असतील.

तेव्हा मिक्सरकडे वळूया, कारण पत्रं येतात त्यातल्या निम्म्या घरांत तो असाच कण्हत असतो. आपल्याकडचं वाटप म्हणजे मिक्सरची परीक्षाच: किसलेला नारळ, भिजवलेल्या मिरच्या, धणे, आणि हुमण (माशांची आमटी) दाट हवं म्हणून पाणी कंजूषपणे. दाट गोळा पात्यांना अडवतो, मोटर मंदावते. ही मोटर मंदावली की करंट कमी नाही, जास्त खेचते, म्हणजे जास्त तापते. वर तिला थंड करणारा छोटा पंखा तिच्याच दांड्यावर बसवलेला असतो, तोही त्याच वेळी मंदावतो. गरज वाढते तेव्हाच वारा कमी होतो. म्हणून बर्फ घालून काही होत नाही. बर्फाने वाटप थंड राहतं, इडली-डोशाच्या पिठासाठी ते चांगलंही, पण मोटर खालच्या डब्यात वेगळी असते, तिला त्या बर्फाचा पत्ताही लागत नाही. उपाय साधे आहेत. भांडं अर्धंच भरा, चार चमचे पाणी जास्त घाला, नंतर उकळीत आटतं. मिनिटभर फिरवून थोडं थांबा. बंदच पडला तर खाली बहुधा लाल बटण असतं, ते गार झाल्यावर दाबायचं, लगेच नाही. आणि तुमच्यासारख्या हाताला येणारं काम: उघडून कार्बन ब्रश, म्हणजे फिरत्या मोटरला वीज पोचवणारे कार्बनचे तुकडे, बघा. झिजले असतील तर ठिणग्या आणि वास दोन्ही येतात, आणि ब्रशची जोडी किरकोळ पैशांत मिळते. बुडाखालच्या जाळीत साचलेली धूळ आणि वाळलेलं वाटप आधी काढा. बऱ्याचदा रोग तिथेच असतो.

बाबांच्या पंख्याचं लवकर आटोपतं. मंद झालेल्या पंख्याचा कपॅसिटर, म्हणजे मोटरला फिरायला जोर देणारा छोटा भाग, बहुतेक वेळा थकलेला असतो. जेवढ्या मायक्रोफॅरडचा (हे कपॅसिटरच्या क्षमतेचं माप) होता तेवढ्याचाच नवा घाला, साधारण २.५ चा असतो, खाली छापलेलं असतं. एमसीबी (विजेच्या बोर्डावरचा मुख्य खटका) पाडून, शिडी धरायला कोणीतरी ठेवून. 'टर्बो' म्हणून मोठा घालणारे महाभाग आहेत, म्हणून तुमची ती थट्टा मला जरा भीतीदायकच वाटली. वेग थोडा वाढतोही, पण विजेच्या ५० हर्ट्झने घातलेली वेगाची मर्यादा काही तुटत नाही, वाइंडिंग, म्हणजे मोटरमधली तारेची गुंडाळी, मात्र तापतं. तुमच्या प्रोसेसरला सेन्सर असतो, तापला की स्वतःच वेग उतरवतो, नाहीतर बंद होतो. पंख्याला बोलता येत नाही. त्याचा फक्त वास येतो, तोही बाबा दुपारी त्याच्याखाली झोपलेले असताना.

यात तुमच्या छंदाचा अपमान नाही. १९९८ मध्ये इंटेलचा ३०० मेगाहर्ट्झचा स्वस्त सेलेरॉन प्रोसेसर ४५० वर पळवून लोकांनी महागड्या प्रोसेसरची कामगिरी फुकटात मिळवली, तेव्हा तो काटकसरी माणसाचा विजय होता. कंपनीने ठेवलेली शिल्लक हुशारीने वापरायची, एवढंच ते. पण ती शिल्लक कशासाठी ठेवलेली असते हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. वेग २० टक्के आणि व्होल्टेज १० टक्के वाढवलं की उष्णता सुमारे ४५ टक्क्यांनी वाढते. घरच्या यंत्रांत ती शिल्लक मे महिन्याची दुपार, वरखाली होणारं व्होल्टेज आणि गणेश चवथीच्या आदल्या दिवशीचं वाटप यांच्यासाठी असते. तिथे कोणी विक्रम करायला बसलेलं नाही.

मग विनोदाचं काय करायचं? बायको म्हणते सोडा. मला ते पटत नाही. आठवडाभर पाळाल आणि मग घरात एक घुमा माणूस वावरेल, तो कोणालाच नको आहे. प्रत्येक वाक्यानंतर "ही थट्टा होती बरं का" असं जोडणं तर त्याहून वाईट. मला दोन गोष्टी सुचतात. एक म्हणजे क्रम बदला, आधी स्क्रूड्रायव्हर, मग किस्सा. हातात उघडा मिक्सर असताना केलेली थट्टा कोणाला टोचत नाही, आणि कोणी ती सल्ला म्हणून घेत नाही, कारण खरा सल्ला समोर चालू असतो. दुसरी, मर्यादा विनोदाच्या आतच घाला. "नायट्रोजन ओतला तर झाकणाचं रबर काचेसारखं तडकेल आणि हुमणाची कुल्फी होईल," हे तुमच्या मूळ वाक्यापेक्षा जास्त हसवतं की नाही सांगा. आणि ऐकणाऱ्याला कळतं की हे करायचं नाही. बंद खोलीत एक लीटर द्रव नायट्रोजनचा जवळजवळ ७०० लीटर वायू होतो आणि श्वासाची हवा हटवतो, हे त्यात बसवता आलं तर तुम्हाला मानलं.

भाच्याला फोन तापण्याचं खरं उत्तर अजून कोणी दिलेलं नाही, म्हणून हा परिच्छेद त्याच्यासाठी आणि त्याच्यासारख्या सगळ्यांसाठी. खेळताना चार्जिंग काढ. मागचं जाड कव्हर काढ. ब्राइटनेस आणि ग्राफिक्स एकेक पायरी उतरव. उशीवर नको, टेबलावर ठेव, समोर टेबलफॅन लाव. बहुतेक फोन ० ते ३५ अंशांच्या हवेसाठी बनवलेले असतात, त्यामुळे मे महिन्यातल्या दुपारी दोनला तो कुरकुरणारच, तेव्हा गेम संध्याकाळी. फोनला चिकटवायचे विजेवर चालणारे कूलर मिळतात. चालतात, पण आपल्या हवेत त्यांच्यावरही दव पडतं, म्हणून पावसाळ्यात नको. आणि चालू राउटर, चालू लॅपटॉप फ्रिजमध्ये ठेवायची कल्पना डोक्यात असेल तर तीही सोड. फ्रिज आतली उष्णता मागच्या जाळीतून स्वयंपाकघरात सोडतो. आतच शेगडी ठेवली तर तो बिचारा थांबतच नाही.

ताईकडे कसं जायचं, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण पत्र त्यासाठीच होतं असं मला वाटतं. फोन करू नका, म्हापशाला जा. नव्या फोनचे पैसे पूर्ण द्या, अर्धे नाहीत. "पण त्याला कळायला हवं होतं" हे वाक्य फोंड्यातच ठेवून जा. तिथे एकच वाक्य बोलायचं आहे, तेही भाच्यासमोर: "मी त्याला अर्धीच गोष्ट सांगितली." या प्रकरणात सर्वांत जास्त बोलणी त्यानेच खाल्ली असणार.

आणि मग उरलेली अर्धी गोष्ट सांगा. ताईच्या स्वयंपाकघरातला स्टीलचा पेला घ्या, बाहेरून कोरडा पुसा. बर्फाचा चुरा भरा, त्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतकं जाडं मीठ घाला आणि चमच्याने ढवळत राहा. पाच मिनिटांत पेल्यावर आधी घाम येईल, मग तोच घाम पांढरा होऊन गोठेल. मिठाच्या बर्फाने पारा उणे २१ अंशांपर्यंत उतरू शकतो, म्हणजे त्याच्या फ्रीझरपेक्षाही खाली. तो पांढरा थर बोटाने खरवडून त्याला दाखवा आणि सांगा की हे पाणी पेल्यातलं नाही, या खोलीतल्या हवेतलं आहे, आणि फोनच्या आत हेच झालं होतं. फक्त ओल्या हाताने पेला धरून ठेवायचा नाही, कातडी चिकटते. हे त्याला बर्फ भरायच्या आधी सांगा.